भिंत चावते

“आत्ता चांगलंच असतं हो! तुम्ही आलात की ते शहाण्या मुलासारखं वागतं,” गौतमीवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “बघा, नेटचा वेग एकशे चाळीस दाखवतंय. सकाळी पावणेआठला येऊन बघा. सहा! कधी चार! काल जपानी साहेब बोलता बोलता तोंड उघडं टाकून तसेच थिजले. दोन मिनिटं मी त्यांचे दात बघत बसले.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

“हसू नका, शीतलदादा. एक तारखेपर्यंत घरचं नेट सुधारा, नाहीतर पुण्याला येऊन राहा, असं सांगितलंय मला ऑफिसनं. मी दुभाषी आहे. माझ्या तोंडातला शब्द तिकडं पोचलाच नाही, तर मला ठेवायचं कशाला?”

या गोष्टीला पाच वर्षं होऊन गेली. सांगलीत विश्रामबागेत रवी शिखरे सरांचा दुमजली बंगला आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही बसलो होतो. शनिवार होता, सकाळचे साडेनऊ. मी शीतल कुंभोजे. नाव ऐकून पुण्याकडची माणसं फोनवर मला ताई म्हणतात. आमच्या जैनांत पुरुषांचंही नाव शीतल असतं, हे मी आता कुणाला सांगत बसत नाही. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, मग केबल टीव्हीत राबलो आणि शेवटी घरोघरी इंटरनेट जोडायला लागलो. त्या वेळी सांगलीत माझ्यासारखा माणूस नाही, असं माझं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणी तसं म्हटल्याचं आठवत नाही.

शिखऱ्यांच्या घरात मी तीन महिन्यांपूर्वी तीन डबे बसवले होते. मोठ्या घराला एक राउटर पुरत नाही, म्हणून हे डबे. विहिरीवरून माणसांची रांग लावून बादल्या पुढं द्याव्यात, तसं एक डबा दुसऱ्याला नेट देतो, दुसरा तिसऱ्याला. पहिला खाली टीव्हीपाशी. दुसरा वर पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर. तिसरा वहिनींच्या खोलीत. मधल्यानं हात काढून घेतला की तिसऱ्याला थेट खालपर्यंत, सगळी स्लॅब भेदून, हात लांबवावा लागतो. मग त्याच्या हाती काय लागणार? थेंब.

महिन्याभरानं मी एकदा येऊन गेलो होतो. तेव्हा तक्रार वेगळी होती. सकाळी सकाळी वरच्या मजल्याची लाईटच जायची आणि डबे बंद पडायचे. ते काम मी दहा मिनिटांत उरकलं, पोहे खाल्ले आणि गेलो. आता गेले तीन आठवडे हे नवीन दुखणं. लाईट जात नाही, नेट जात नाही, पण वर वेग नाही. माझे फोनवरून सगळे उपाय सांगून झाले होते. बंद करून चालू करा, खालचा डबा टीव्हीमागून पुढं घ्या, चॅनेल बदला. खालचा डबा तर मी बदलूनच दिला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

“वहिनी, तुमच्या मोबाइलवर ते डब्यांचं ॲप आहे ना? द्या बघू.”

त्यांनी मोबाइल दिला. या ॲपात कोणता डबा केव्हा चालू होता आणि केव्हा बंद, याची चौदा दिवसांची नोंद राहते. खरं तर मी हे पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! मी मधल्या डब्यावर बोट ठेवलं आणि खाली खाली सरकवत गेलो.

शुक्रवार, सात चाळीसला बंद, आठ वीसला चालू. गुरुवार, सात पस्तीसला बंद, सव्वाआठला चालू. बुधवार. मंगळवार. एकही दिवस सुटला नव्हता.

“वहिनी, डबा बिघडलेला नाही. रोज सकाळी कुणीतरी याचं बटण बंद करतंय.”

“बटण? कोण बंद करणार? घरात आम्ही तिघंच तर आहोत.” त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “अहो! वर या जरा. लगेच!”

सर वर येईपर्यंत पॅसेजच्या टोकाचं दार उघडलं आणि द्वारकाआजी बाहेर आल्या. सरांच्या आई. वय त्र्याहत्तर, अंगानं काडी, पाठ ताठ. हातात टॉवेल आणि घडी घातलेलं पातळ. त्यांच्या अंघोळीची वेळ त्या दिवशी टळली होती. घरात सकाळपासून बाहेर जायची गडबड चालू होती.

“ओरडू नकोस, गौतमी. मीच बंद करते,” त्या म्हणाल्या.

वहिनींचा त्यावर विश्वासच बसेना. “तुम्ही? आई, माझा रोजचा कॉल त्याच वेळी असतो. तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्यासमोर रडले त्या दिवशी. तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत?”

“बोलले होते की. पहिल्या दिवसापासून बोलतेय. तुम्ही ऐकून घेतलं नाही, म्हणून मग न बोलता करायला लागले. पाणी तापलं की गीझरचं, डब्याचं, दिव्याचं, बोर्डावरची सगळी बटणं बंद करते आणि अंधारात अंघोळ करते. बाहेर आले की परत चालू करते.”

“पण का?” मी विचारलं.

“भिंत चावते,” आजी म्हणाल्या.

सर तोवर वर पोचले होते. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. शांत माणूस, आवाज चढवणं त्यांना जमत नसे. ते मला बाजूला घेऊन हळू बोलायला लागले, पण पॅसेज लहान, आजी चार हातांवर. सगळं त्यांना ऐकू जात होतं.

“कुंभोजे, माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. तुमच्यापासून काय लपवायचं? बाबा गेल्यावर तीन महिने हिला शेजारच्या खोलीत त्यांचा खोकला ऐकू यायचा. ते थांबलं. आता हे सुरू झालंय. भिंत चावते, नळ चावतो. मी स्वतः टेस्टर लावून बघितला, काही नाही. गौतमीनं आत जाऊन नळ धरून बघितला, काही नाही. फिजिशियनना दाखवलं, ते म्हणाले, शुगरमुळं हाता-पायाला मुंग्या येत असतील. गोळ्या चालू केल्या. तरी हिचं एकच.”

“मग आता?”

“आज साडेअकराची वेळ घेतलीय मिरजेला. मानसोपचारवाल्यांची.”

आजी पातळाची घडी पुन्हा नीट करत होत्या. नीटच होती ती घडी.

“मला वेड लागलंय का, ते बघायला नेतायत,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी. फोनची रिंग जात असताना तारेत करंट असतो, तेव्हा चुकून पिनेला बोट लागलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे. अगदी तस्संच होतं. आधी कमी होतं. आता नळाला हात लावला की कोपरापर्यंत चढतं. आणि शीतल, तू हा डबा लावलास ना, त्या दिवसापासून आहे हे. त्याच्या आधी कधी नव्हतं.”

आता माझ्या डब्यावरच आलं! हे मात्र मला लागलं. लोकांना वायफायची भलतीच भीती असते. लहरींनी डोकं दुखतं, चिमण्या मरतात, दूध नासतं, काय काय ऐकलंय मी. त्या लोकांसाठी माझं एक भाषण पाठ होतं. त्या लाईटच्या खेपेला पोहे खाताना मी ते आजींना एकदा ऐकवलं होतं. आता दुसऱ्यांदा सुरू केलं.

“आजी, बसा जरा. हे बघा, रेडिओ असतो ना, त्याच्या लहरी तुमच्या लहानपणापासून घरात येतायत. चावल्या कधी? तशाच याच्या. या भिंतीतून जातात, माणसातून जातात, कळतसुद्धा नाही. या डब्याला जेवढी वीज लागते, तेवढ्यात देवघरातला झिरोचा बल्बही धड पेटायचा नाही. हा तुम्हाला चावूच शकत नाही. मी वायरमन आहे, आजी. वीज खाऊन मोठा झालोय. माझ्यावर विश्वास ठेवा.”

त्या ऐकत होत्या. सगळं ऐकलं त्यांनी, एक शब्द मधे न बोलता.

“हे एवढं सगळ्यांनी सांगून झालंय. पालथ्या घड्यावर पाणी,” सर पुटपुटले.

“हातच्या काकणाला आरसा कशाला, सर? आत्ता दाखवतो.” मी उठलो. “आजी, आत्ता बटणं सगळी चालू आहेत ना?”

“होय. पाणी तापतंय.”

“झालं तर मग. आता तुमच्यासमोर नळ धरतो. भिंतीला हात लावतो. मला काही झालं नाही, तर तुम्ही ही बटणं बंद करणं सोडायचं. कबूल?”

आजींनी मान हलवली.

मी न्हाणीघराच्या दारात गेलो तशी वहिनींनी उंबऱ्यापाशी ठेवलेल्या रबरी सपाता पुढं केल्या. “या घाला, दादा. फरशी ओली आहे, घसराल.” मी सपाता पायात सरकवल्या आणि आत शिरलो. समोर टाइलची भिंत, तिच्यात पितळी नळ, खाली पाट. टाइलमधलं पांढरं सिमेंट बऱ्याच ठिकाणी झडलेलं. मी उजवा हात टाइलवर थापला. काही नाही. नळ मुठीत धरला. काही नाही. धरून ठेवला, वळून बघितलं, डावा हात हवेत फिरवून नाटकसुद्धा केलं.

“बघितलंत? चावतंय का काही?”

सर ओशाळून हसले. वहिनींनी सुस्कारा सोडला. आजी दारात आल्या आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

“चपला काढ,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अंघोळ काय चपला घालून करतात होय रे? गौतमीपण चपला घालूनच आली होती बघायला. रवीनं टेस्टर लावला तो दुपारी. गीझर बंद, सगळं कोरडं. मी पाटावर बसते, पाय ओल्या फरशीवर असतात. चपला काढ आणि मग धर.”

मला त्या क्षणीसुद्धा काही उमगलं नाही, याची लाज मला आजही वाटते. दोन वर्षं आयटीआयला काढलेला माणूस मी! रबरानं करंट अडतो, हे तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी मात्र हसलो. म्हातारीचा हट्ट पुरवावा, असा चेहरा करून सपाता काढल्या, पाय ओल्या फरशीवर टेकले आणि नळ धरला.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. मूठ उघडेना. मी ओरडायला गेलो तर जबडा बसला. हात खांद्यापासून कुणीतरी पिळतंय, छातीत घण घालतंय आणि मी मात्र दारात उभ्या असलेल्या तिघांकडे नुसता बघतोय. सरांना वाटलं, मी चेष्टा करतोय. ते हसतच होते. वहिनी म्हणाल्या, “दादा, पुरे आता, आई घाबरतील.”

ओळखलं ते एकट्या आजींनी. हातातले कपडे खाली टाकून त्या वळल्या आणि पॅसेजमधल्या बोर्डावरची सगळी बटणं त्यांनी तळहाताच्या एका फटक्यात बंद केली.

मी पाटावर कोसळलो. त्या वयाच्या बाईनं ती तीन पावलं इतक्या झटकन टाकली नसती, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

मग एकच धावपळ झाली. सरांनी मला काखेत धरून बाहेर ओढलं. वहिनी पाणी आणायला धावल्या आणि रिकामा तांब्या घेऊनच परत आल्या. माझे दात वाजत होते. उजवा हात माझा नव्हताच जणू, मांडीवर नुसता पडून होता. मी पॅसेजच्या भिंतीला टेकून बसलो होतो आणि माझ्या डोक्याच्या थोडं वर तो पांढरा डबा होता, दिवा विझलेला.

मी त्या डब्याकडे बघितलं. मग उघड्या दारातून आतल्या नळाकडे. भिंत एकच. डबा या अंगाला, नळ त्या अंगाला, बरोबर पाठीला पाठ.

तेवढ्यानं मला सगळं कळलं.

“गीझर!” सर ओरडले. “गीझरची कॉइल गेली असणार! पाण्यातनं करंट येतोय! अरे देवा, कुंभोजे, तुम्ही आज मेला असता हो माझ्या घरात!”

“गीझरच ना, दादा?” वहिनींनी विचारलं.

आणि मी म्हणालो, “होय. गीझरच असणार.”

जिभेनं मला विचारलंच नाही. समोर माझा धंदा दिसत होता, पोलीस दिसत होते, गल्लीगल्लीत माझं नाव घेणारी तोंडं दिसत होती. गीझर बिचारा मुका. त्याच्यावर ढकलून मोकळं होणं किती सोपं!

“म्हणजे करंट होता खरा,” सर कपाळ पुसत म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण त्यात सुटकाही होती. “पण आई, डबा नव्हता बघ. तू उगाच तीन महिने डबा-डबा करत बसलीस. गीझर म्हणाली असतीस, तर मी त्याच दिवशी माणूस बोलावला असता.”

“मी म्हणतच होते, आई,” वहिनी म्हणाल्या, “वायफायनं चावत नाही म्हणून.”

आजी खाली पडलेलं पातळ उचलत होत्या. त्या उभ्या राहिल्या, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता, तरी मला बरं वाटलं असतं. नव्हता.

“होय का? मग माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “उगाच आळ घेतला.”

“ते जाऊ दे. आवर आता, साडेअकराची वेळ आहे,” सर म्हणाले.

“आता कशाला मिरज?” वहिनींनी विचारलं.

सर आवाज खाली आणून बोलले, “खोकल्याचं आहेच ना. आणि गीझर चावतो तर डब्याला धरून बसायचं, अंधारात अंघोळी करायच्या, तीन आठवडे आपल्यापासून लपवायचं, हे तरी धड आहे का? वेळ मिळालीय, एकदा दाखवून तर येऊ.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांनी बघत होतो. आणि चोर भिंतीला टेकून पाणी पीत होता.

मी उठलो. खाली जाऊन मेन स्विच पाडून आलो. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, डबा कडीवरून खाली घेतला आणि मागच्या पट्टीचा स्क्रू फिरवायला लागलो.

“आता डबा कशाला काढताय?” सरांनी विचारलं.

डाव्या हातानं फिरवत होतो, वेळ लागला. दोन इंची स्क्रू. बाहेर आला तेव्हा त्याचं टोक काळं पडलेलं होतं आणि आट्यांमध्ये वायरच्या लाल प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले होते. मी तो सरांच्या तळहातावर ठेवला.

“सर, गीझर चांगला आहे. आजींचं बरोबर आहे. हे डब्यामुळंच आहे. माझ्यामुळं.”

“म्हणजे?”

“बोर्डापासून गीझरला जाणारी वायर या भिंतीच्या आत आहे. ती सरळ वर गेली असेल, असं मी धरून चाललो आणि बाजूला भोक पाडलं. ती तिरकी गेलीय. माझा स्क्रू वायरीत घुसला. गीझर चालू केला की स्क्रूत करंट येतो, अंघोळीनं भिंत भिजली की पलीकडं नळापर्यंत जातो. भिंतीत वायर कुठं आहे ते दाखवणारं यंत्र माझ्या पिशवीत होतं. मी बाहेर काढलं नाही. घाईत होतो.”

सर स्क्रूकडे बघत राहिले.

“अजून आहे,” मी म्हणालो. थांबलो असतो तर पुन्हा बोलणं झालं नसतं. “मागं तुमची लाईट सारखी जायची. मीटरच्या पेटीत एक खटका असतो. कुठं करंट गळायला लागला, माणसाला लागायची वेळ आली, की तो आपणहून पडतो आणि सगळं बंद करतो. तो पडत होता. बरोबर पडत होता. आजींना वाचवत होता. मला वाटलं, जुना झालाय, खराब झालाय. मी तो बाजूला काढला आणि वायर थेट जोडून दिली. डबे बंद पडायला नकोत म्हणून.”

“तुम्ही काय केलंत?” सर म्हणाले.

“खटका काढला.”

“तुम्ही काय केलंत?” त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि माझी कॉलर धरली. त्या माणसानं आयुष्यात कुणाची कॉलर धरली नसावी. धरलेली कशी ओढायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. नुसती धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “माझी आई आहे हो ती! रोज सकाळी आत जात होती! आणि मी तिला... मी तिला शुगरच्या गोळ्या...”

“मीच म्हटलं होतं यांना, काहीतरी कायमचं करून जा, माझा कॉल तुटतोय म्हणून,” वहिनी म्हणाल्या. त्या जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसल्या होत्या. “मीच मागं लागले होते.”

मी आजींपुढं वाकलो. पाया पडायला म्हणून वाकलो, ते तिथंच बसलो. “आजी, मला काय बोलायचं ते बोला. दोन थोबाडीत द्या. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतंत आणि मी तुम्हाला रेडिओ शिकवत बसलो.”

आजींनी सरांच्या हातातून तो स्क्रू घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि परत दिला.

“म्हणजे होतं खरं,” त्या म्हणाल्या.

“होतं, आई,” सर म्हणाले.

“बरं झालं बाई. मला आता वाटायला लागलं होतं, नसेलच.” त्या माझ्याकडे वळल्या. “शीतल, एक सांगू? आज मी बटणं बंद करणार नव्हते.”

कुणाला काही कळलं नाही. त्या सावकाश, समजावून सांगावं तशा सांगत होत्या.

“काल विचार केला. रवी एवढा शिकलेला, तो नाही म्हणतो. गौतमी नाही म्हणते. डॉक्टर नाही म्हणतात. तू तर वायरमन, त्या दिवशी पोहे खाताना किती नीट सांगितलंस, आत्ताही किती नीट सांगितलंस. एवढी माणसं माझ्याशी खोटं कशाला बोलतील? खोकला ऐकू यायचा तो भासच होता ना? मग हाही भासच. मनाशी ठरवलं, आज सगळं चालू ठेवूनच अंघोळीला बसायचं. दाराला आतून कडी घालायची, म्हणजे कुणी मधे यायला नको. आणि चावलं, कितीही चावलं, तरी नळाचा हात काढायचा नाही. मनाचा खेळ आहे म्हणायचं आणि घट्ट धरून बसायचं. म्हटलं, मिरजेला जायच्या आधीच बरी होईन.”

सरांनी माझी कॉलर केव्हा सोडली, मला कळलं नाही. वहिनींनी पदर तोंडात धरला होता. मी त्या काडीसारख्या हाताकडे बघत होतो. माझी मूठ दांडगी, तीसुद्धा उघडली नव्हती.

आजींनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि अंघोळीसाठी खालच्या न्हाणीघराकडे जिना उतरायला लागल्या.